गोट्याखालचा दोन शेपट्यांचा किडा

पाऊस ओसरून नाले निवळले की या सदराच्या टपालात पाण्यातले किडे वाढतात. यंदाची पत्रे फिरून फिरून एकाच किड्यावर येतात, म्हणून हा अंक त्यालाच दिला आहे. इंग्रजीत त्याला स्टोनफ्लाय म्हणतात. मराठीत घरोघरी चालेल असे नाव त्याला नाही. ‘दगडमाशी’ म्हणावे तर हा माशीच्या गणातला नव्हेच. तेव्हा आम्ही सरळ स्टोनफ्लाय लिहितो आणि पाण्यातल्या त्याच्या बाल्यावस्थेला निम्फ.

प्रश्न : चिखलदऱ्याहून उतरताना पोरानं एका नाल्यात गोटा उलटवला. खाली चपटा, पिवळट-तपकिरी, दोन शेपट्यांचा किडा होता, बोटाच्या पेराएवढा. झुरळाचं पिल्लू म्हणावं तर तसाही नाही. फोटो हलला आहे, पण पाठवून राहिलो. काय असेल? — एक वाचक, काटोल रोड

फोटो हलला असला तरी कामापुरते दिसते. दोन लांब शेपट्या, पाठीवर पंखांच्या दोन जोड्यांच्या कळ्या आणि पायांच्या मुळाशी पांढरट झुपके. हे झुपके म्हणजे त्याचे कल्ले. छातीखाली असे फांद्याफांद्यांचे कल्ले असणारा स्टोनफ्लाय बहुतेक पर्लिडी कुळातला असतो. द्वीपकल्पीय भारतात या कुळातली सगळ्यात जास्त भेटणारी प्रजाती निओपर्ला, त्यामुळे पहिला अंदाज तोच. पुढच्या वेळी दहापट भिंग जवळ ठेवा आणि डोक्यावरचे साधे नेत्र मोजा. मोठ्या दोन डोळ्यांच्या मधोमध ते बारीक ठिपक्यांसारखे दिसतात. पर्लिडीतल्या बहुतेक प्रजातींत ते तीन असतात, निओपर्लात दोनच.

नुसत्या शेपट्या मोजून मात्र निकाल देऊ नका. मेफ्लाय नावाच्या दुसऱ्या एका पाणकिड्याच्या निम्फाला सहसा तीन शेपट्या असतात, पण वेगाच्या पाण्यातल्या काही मेफ्लायना दोनच असतात. शिवाय गोटा उलटवताना शेपटी तुटते ती वेगळीच. खात्री पायाच्या टोकाशी होते. स्टोनफ्लायच्या प्रत्येक पायाला दोन नख्या, मेफ्लायच्या पायाला एक. मेफ्लायचे कल्ले पोटाच्या दोन्ही कडांना पानांसारखे ओळीने लागलेले असतात आणि जिवंतपणी हलतात. टाचणीच्या, म्हणजे चतुराच्या सडपातळ भावंडाच्या, पिल्लाला मागे तीन पाती असतात. चतुराचे पिल्लू, म्हणजे आपल्याकडची पोरे ज्याला हेलिकॉप्टर म्हणतात त्याचे, बिनशेपटीचे आणि जाडजूड. पाणभुंग्याच्या काही अळ्यांनाही मागे दोन शेपट्या असतात आणि चांगले जाणते लोक तिथे फसतात. पण त्या अळीच्या पाठीवर पंखांच्या कळ्या कधीच नसतात आणि जबडा विळ्यासारखा पुढे आलेला असतो.

नेमकी जात विचाराल तर निम्फावरून सांगणे म्हणजे बिनबुडाचे धाडस. निओपर्लाच्या जाती प्रौढ नराच्या जननेंद्रियावरून आणि मादीच्या अंड्यांच्या कवचावरून ठरतात. बाहेरून त्या सगळ्या भावंडांसारख्या दिसतात.

आणि गोटा जसा होता तसाच परत ठेवायचा, ओली बाजू खालीच. उलटा पडलेला गोटा वाळतो आणि खालची अंडी, अळ्या उन्हात मरतात.

प्रश्न : लेक स्कॉटलंडला शिकते. तिथल्या नदीकाठी दगडावर तिला काळपट किडा आणि शेजारी त्याची रिकामी कात सापडली. कोणी तिला डायनोक्रास असं नाव सांगितलं. हा किडा तिकडे सर्रास आहे का, आणि तीन वर्षं पाण्यात राहतो म्हणतात ते खरं का? — एक वाचक, प्रतापनगर

खरे आहे. डायनोक्रास सेफॅलोटेस ही जात जॉन कर्टिस या ब्रिटिश कीटकशास्त्रज्ञाने १८२७ मध्ये नोंदवली. ब्रिटनपासून स्कँडिनेव्हियापर्यंत आणि दक्षिणेला स्पेनपर्यंत, युरोपच्या डोंगराळ भागांतल्या दगडी नद्यांत ती भेटते. ‘सर्रास’ हा शब्द मात्र नदीच्या त्या पट्ट्यापुरताच घ्यायचा. दगड पक्के बसलेले, त्यांवर शेवाळ, पाणी थंड आणि खळाळते, असा तळ असेल तिथे दर दुसऱ्या दगडाखाली, आणि तीच नदी सपाटीला येऊन गाळ धरू लागली की एकही नाही. हिची चुलतबहीण पर्ला बायपंक्टाटा त्याच नद्यांत असते, पण तिला सुटे, पुराने हलणारे गोटे चालतात. निम्फावरून दोघींचा फरक करायचा तर शेपट्यांच्या मुळाशी पाहावे. पर्लाला तिथे कल्ल्यांचा आणखी एक झुपका असतो, डायनोक्रासला नसतो. रंगही पाहा, पर्ला उजळ पिवळी आणि डायनोक्रास गडद.

आता तीन वर्षांचा हिशेब. मे ते जुलैच्या सुमारास प्रौढ बाहेर पडतात. समागमानंतर मादी अंड्यांचा गोळा पोटाच्या टोकाशी घेऊन पाण्यावर येते आणि पोट बुडवून तो सोडते. पाण्यात गोळा सुटतो आणि शेकड्यांनी असलेली अंडी तळाच्या दगडांना चिकटतात. बाहेर येणारे पिल्लू जेमतेम मिलिमीटरभर. आधी ते सडक्या पानांचा भुगा, शैवाल असे काही खाते. अंगाने भरले की शिकारी होते आणि मेफ्लायची, डासासारख्या कायरोनोमिडची, पतंगासारख्या कॅडिसची पिल्ले गिळू लागते. वाढ चालते ती कात टाकत टाकत. स्टोनफ्लायमध्ये कात टाकण्याची संख्या जातीप्रमाणे दहा-बारापासून वीसच्या पुढेही जाते. तिकडचे पाणी हिवाळ्यात गोठण्याच्या जवळ येते, वाढ मंदावते आणि असे तीन हिवाळे काढावे लागतात. त्याहून थंड नद्यांत मुक्काम तीन वर्षांपेक्षाही लांबतो.

म्हणून लेकीला सांगा, ऑगस्टमध्ये तिथले गोटे उलटवले तर एकाच वेळी दोन वेगवेगळ्या मापांचे निम्फ सापडायला हवेत. ते यंदाच्या उन्हाळ्यात बाहेर पडलेल्यांचे धाकटे भाऊ, एक पुढच्या वर्षीचे आणि एक त्याच्या पुढच्या वर्षीचे. नुकते जन्मलेले इतके बारीक असतात की साध्या जाळीत राहतच नाहीत.

शेवटची कात पाण्याबाहेर पडते. पूर्ण वाढलेल्या निम्फाच्या पंखांच्या कळ्या काळ्या पडतात आणि तो बहुधा रात्री काठच्या दगडावर किंवा मुळावर चढून नख्या रोवतो. छातीवर पाठीच्या बाजूने उभी चीर पडते आणि प्रौढ बाहेर येतो. फुलपाखरासारखा कोष या गणात नाहीच, म्हणून कात म्हणजे हुबेहूब निम्फाचा पोकळ साचा असतो, लेकीला सापडला तसाच. ब्रिटनमध्ये नराचे पंख बहुधा आखूड असतात. त्याला उडता येत नाही आणि दगडांवरून पळतच तो मादी गाठतो. प्रौढाचे आयुष्य काही दिवस ते दोन-तीन आठवडे. तीन वर्षांची तयारी आणि पंधरवड्याचा संसार.

प्रश्न : कूलरच्या टाकीत लाल, वळवळणाऱ्या अळ्या दिसतात. त्या याच किड्याच्या का? — एक वाचक, महाल

नाही. त्या कायरोनोमिडच्या अळ्या. अंगातल्या हिमोग्लोबिनमुळे लाल दिसतात आणि त्यामुळेच कमी प्राणवायूच्या पाण्यातही टिकतात. चावत नाहीत. कूलर मात्र आठवड्यातून एकदा पूर्ण रिकामा करा, टाकीच्या भिंती घासा आणि कोरडा होऊ द्या. डेंग्यूच्या डासाची अंडी भिंतीलाच चिकटलेली असतात, नुसते पाणी बदलून जात नाहीत.

प्रश्न : स्टोनफ्लाय असेल तर पाणी स्वच्छ, असं वाचलं. मग नाग नदीची स्वच्छता झाली की तो नागपुरात दिसेल का? अंबाझरी, गोरेवाड्यात शोधला, नाही मिळाला. म्हणजे ही तळीही घाण समजायची का? — एक वाचक, धरमपेठ

पहिले वाक्य बरोबर, त्यातून काढलेला उलटा अर्थ चूक. स्टोनफ्लाय सापडला तर पाणी चांगले, हा पुरावा पक्का आहे. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या जैविक गुणपद्धतीत पर्लिडी कुळाला १० पैकी १० गुण आहेत, वर आलेल्या लाल अळ्यांच्या कुळाला २ आणि गाळातल्या गांडूळवर्गी कृमींना १. पण तो सापडला नाही म्हणून पाणी घाण ठरत नाही. नागपुरात तर बिलकुल नाही.

का, ते आकड्यांत पाहा. समुद्रसपाटीला १० अंश सेल्सिअसच्या पाण्यात प्राणवायू जास्तीत जास्त ११.३ मिलिग्रॅम प्रति लिटर विरघळतो, २० अंशांना ९.१ आणि ३० अंशांना ७.६. नागपूर समुद्रसपाटीपासून ३०० मीटरच्या वर आहे, म्हणजे यातून आणखी तीन-चार टक्के वजा करा. दुसरीकडे, पाणी १० अंशांनी तापले की किड्याची प्राणवायूची गरज साधारण दुप्पट होते. मिळकत घटते आणि खर्च वाढतो. पर्लिडीचा निम्फ अशा वेळी दगड धरून जोर-बैठका काढल्यासारखा वर-खाली होतो, कल्ल्यांवरून पाणी फिरवण्यासाठी. हे दिसले की समजावे, त्याचा जीव कासावीस आहे. आता मे महिन्यातला आपला ४५ अंशांचा पारा आणि गुडघाभर साचलेले पाणी डोळ्यांसमोर आणा. प्रदूषणाचा एक थेंबही नसला तरी तिथे त्याचे भागणार नाही.

अंबाझरी, फुटाळा, गोरेवाडा ही साठवणीची तळी आहेत. निओपर्लाला वाहते पाणी लागते, तळ्यात तो शोधणेच चूक. जगात तळ्यात राहणारे स्टोनफ्लाय आहेत, नाही असे नाही. युरोपातला नेमुरा सिनेरिया संथ आणि साचल्या पाण्यातही निभावतो. अमेरिकेतल्या लेक टाहोमध्ये कॅप्निया लॅकस्ट्रा नावाचा एक बिनपंखी स्टोनफ्लाय आहे, तो तर प्रौढपणीही पाण्याबाहेर येत नाही, तळ्याच्या खोल तळाशीच जन्म काढतो. पण ती थंड मुलखातली मंडळी.

नाग नदीबद्दल स्पष्टच सांगतो. लाव्ह्याच्या टेकड्यांत उगम, अंबाझरीवरून शहरात, पुढे पिवळी नदी घेऊन कन्हानला, हा तिचा प्रवास आपल्याला माहीत आहे. सांडपाणी थांबले तरी शहरातला तिचा तळ गाळाचा आणि काठ भिंतींचे राहणार. स्टोनफ्लायला गोट्यांखाली मोकळी पोकळी लागते. गाळाने ती बुजली की घर गेले. आणि तो येणार कुठून? प्रौढ उडण्यात कच्चा असतो, नाल्याच्या काठाकाठानेच फिरतो. जवळ वस्ती नसेल तर मैलोन्मैल उडून येत नाही. म्हणून नदी सुधारते आहे का हे पाहायचे तर वेगळ्या पाहुण्यांची वाट पाहा. लाल अळ्या आणि कृमींचे राज्य कमी होईल, मग बेटिडी कुळातले लहान मेफ्लाय दिसू लागतील, त्यांच्या मागोमाग दगडांवर जाळे विणणारे हायड्रोसायकिडी कुळातले कॅडिस. एवढे झाले तरी नागपूरकरांनी पेढे वाटायला हरकत नाही.

भारतात स्टोनफ्लायच्या शंभराहून अधिक जाती नोंदल्या आहेत. त्यांतल्या बहुतेक हिमालयातल्या. दक्षिणेकडे यावे तशी कुळे गळत जातात आणि पर्लिडीचाच भरणा उरतो. आपल्या बाजूला शोधायचा तर सातपुड्याच्या अंगाने, सावलीत राहणाऱ्या आणि बारमाही पाझर असलेल्या नाल्यांत. चिखलदरा ११०० मीटरच्या आसपास आहे, तिथले पाणी नागपूरपेक्षा थंड. पहिल्या पत्रातला किडा तिथे सापडावा यात नवल नाही. धरणाखालचा पट्टा मात्र जपून निवडा. जलाशयातून पाणी कधी सोडतात, कधी बंद करतात, खालचे गोटे आज बुडालेले तर उद्या उघडे. तेवढ्याने अंड्यांची एक अख्खी पिढी वाळते.

प्रश्न : त्याच नाल्यावर पाण्यातला प्राणवायू मोजायचा आहे. मीटर नाही, शाळेच्या प्रयोगशाळेत काच आहे आणि रसायनं मिळतील. कसं करावं? — एक शिक्षक, कामठी

विंकलर पद्धत वापरा. ३०० मिलिलिटरची बीओडी बाटली (प्राणवायूच्या चाचणीची, घट्ट काचबुचाची) पाण्याखाली धरून भरा, आत एकही बुडबुडा नको. मँगनीज सल्फेट आणि अल्कली-आयोडाइड-अझाइड प्रत्येकी १ मिलिलिटर, पिपेटचे टोक पाण्याच्या पृष्ठाखाली ठेवून सोडा. बूच लावून उलट-सुलट हलवा. तपकिरी साका आला तर प्राणवायू आहे, पांढराच राहिला तर नाही. साका अर्ध्यापर्यंत बसला की संहत सल्फ्युरिक आम्ल १ मिलिलिटर घालून तो विरघळवा. हे काम शिक्षकांनी स्वतः करावे, चष्मा आणि हातमोजे घालून. यातले २०१ मिलिलिटर घेऊन ०.०२५ नॉर्मल सोडियम थायोसल्फेटने टायट्रेट करा. जितके मिलिलिटर लागले तितके मिलिग्रॅम प्रति लिटर, वेगळे गणित नाही. स्टार्च अगदी शेवटी, रंग फिकट गवती झाल्यावरच घालायचा. आधी घातला तर निळा रंग धरून बसतो आणि आकडा फुगतो.

वेळ पहाटेची. दुपारी शैवाल प्राणवायू सोडते म्हणून आकडा गोड दिसतो, रात्रभर तेच शैवाल तो खर्च करते. किड्याला जगायचे असते ते पहाटेच्या आकड्यावर. सोबत पाण्याचे तापमानही लिहा, त्याशिवाय आकड्याला अर्थ नाही.

प्रश्न : सातवीच्या मुलांसाठी वर्गातल्या काचेच्या टाकीत हे निम्फ ठेवून कात टाकताना दाखवता येईल का? — एक शिक्षिका, वाडी

ताई, नका ठेवू. साचल्या पाण्याच्या टाकीत ते दोन दिवस काढत नाहीत आणि मुलांना मेलेले किडे पाहावे लागतात. टाकीला प्रवाह हवा, पाणी थंड हवे आणि तापमान स्थिर हवे. वर्गात यांतले एकही जमत नाही.

एका रात्रीचे निरीक्षण जमू शकते, तेही पंखांच्या कळ्या काळ्या पडलेला निम्फ मिळाला तरच. पसरट डबा घ्या, त्यात बोटभर नाल्याचेच पाणी, ओले शेवाळ आणि दोन गोटे. एका डब्यात एकच निम्फ, कारण दोघे असले की सकाळी एक उरतो. डबा थर्माकोलच्या खोक्यात, शेजारी फडक्यात गुंडाळलेली बर्फाची बाटली. बाटली डब्यात टाकायची नाही, एकदम गार झालेल्या पाण्यानेही तो मरतो. नळाचे पाणी वापरू नका, त्यात क्लोरीन असते. आतला एक गोटा पाण्याच्या वर निघालेला हवा, किडा चढणार कशावर? वर मच्छरदाणीचे कापड बांधा.

आता अशी एक चूक, जी कोणाच्या लक्षात येत नाही. डब्यात मत्स्यालयाचा हवेचा पंप लावलेला असतो आणि त्याच खोलीत डास पळवणारे लिक्विड मशीन चालू असते. पंप खोलीतलीच हवा ओढून पाण्यात सोडतो, त्यासोबत कीटकनाशकाची वाफही. सकाळी निम्फ पाय आखडून पडलेला सापडतो आणि दोष पाण्याला जातो. अगरबत्ती, कॉइल, फवारा, यांतले काहीही त्या खोलीत नको.

मुलांना कात टाकणे दाखवायचेच तर चतुराचे पिल्लू आणा. तळ्यात मिळते, कोमट पाणी सोसते, डासांच्या अळ्या खाते आणि काठी उभी करून ठेवली की तिच्यावर चढून कात टाकते. व्याघ्र प्रकल्पातून किंवा अभयारण्यातून मात्र काहीच उचलायचे नाही, किडासुद्धा. तिथे वन विभागाच्या लेखी परवानगीशिवाय नाल्यात उतरणेही बेकायदा आहे.

प्रश्न : जंगलालगतच्या विश्रामगृहात ट्यूबलाइटवर रात्री शेकडो किडे येतात. त्यांत स्टोनफ्लाय कसा ओळखायचा? — एक वाचक, रामटेक

बसलेल्या किड्याचे पंख पाहा. मेफ्लाय पंख पाठीवर उभे धरतो, कॅडिस घराच्या छपरासारखे उतरते. स्टोनफ्लाय ते पाठीवर सपाट, एकावर एक घडी घालून ठेवतो. मागचा पंख पुढच्यापेक्षा रुंद असल्याने त्याची पंख्यासारखी घडी पडते, गणाचे प्लेकोप्टेरा हे नावही या घडीवरूनच आले. मागे दोन शेपट्या डोकावतात. पहिल्या पावसानंतर ढिगाने येणारी पंखवाली वाळवीही पंख सपाटच ठेवते, पण तिला लांब शेपट्या नसतात, चारही पंख सारख्या मापाचे असतात आणि ते हात लावताच गळतात. निओपर्ला फिकट पिवळा-तपकिरी असतो आणि दिव्याला येतो. उजेड गेल्यावर पहिले दोन तास पाहा.

दिवसा नाल्याकाठी गेलात तर कानाला काही लागणार नाही, पण तिथे ढोल वाजत असतो. अनेक जातींचे नर पोटाचे टोक फांदीवर किंवा पानावर ठरावीक ठेक्यात आपटतात. कुमारी मादी त्याच फांदीवरून उलट ठेका देते. प्रत्येक जातीचा ठेका वेगळा. हे कंपन हवेतून नव्हे, लाकडातून पोचते.

प्रश्न : प्राणिशास्त्राच्या एम.एस्सी.चा प्रकल्प म्हणून एका नाल्यातल्या निओपर्लाचं जीवनचक्र काढायचं आहे. मार्गदर्शक म्हणतात, डिसेंबरच्या सुट्टीत नमुने घे. पुरेल का? — एक विद्यार्थिनी, नागपूर

पुरणार नाही. एका महिन्याचा नमुना म्हणजे सिनेमाचा एक फोटो. दर महिन्याला, ठरल्या तारखेच्या आगेमागे दोन-तीन दिवसांत, सलग बारा महिने नमुने हवेत. त्याआधी परवानगी. निरीक्षणासाठी लागणारा अर्ज आणि किडे गोळा करण्याचा अर्ज वेगळा असू शकतो, पहिल्याच आठवड्यात तो द्या. नाहीतर पावसाळा हातचा जातो.

जागा निवडताना घोटा ते गुडघ्याइतकी खोल, खळखळती, गोट्यांची पट्टी घ्या. अशा तीन जागा कायम ठेवा. जाळी नाल्याच्या खालच्या अंगाला तळाशी टेकवून धरायची आणि तिच्या वरच्या बाजूचे गोटे पायाने एक मिनिट ढवळायचे. तीन जागांची मिळून तीन मिनिटे, घड्याळ लावून. जाळीचे भोक ०.५ मिलिमीटर सर्वसाधारण कामाला चालते, तुम्हाला चालणार नाही. नुकते जन्मलेले निम्फ त्यातून निसटतात आणि प्रबंधात ‘या महिन्यात अंडी फुटत नाहीत’ असा खोटा निष्कर्ष येतो. ०.२५ मिलिमीटरची दुसरी जाळी सोबत ठेवा. ती लवकर तुंबते आणि तुंबली की पाणी बाजूने वळून किडे घेऊन जाते, तेव्हा मध्येच झटकून घ्या.

किडे ८० टक्के अल्कोहोलमध्ये. बाटलीचा एक तृतीयांशच भाग किड्यांनी भरावा आणि दुसऱ्या दिवशी अल्कोहोल बदलावे. किड्यांच्या अंगातले पाणी उतरून ते पातळ होते आणि महिन्याभरात पोट काळे पडून लिबलिबीत होते. चिठ्ठी बाटलीच्या आत, पेन्सिलीने लिहिलेली. बाहेरची शाई अल्कोहोलच्या एका थेंबाने पुसली जाते.

माप डोक्याच्या रुंदीचे घ्यायचे, डोळे धरून, सूक्ष्मदर्शकातल्या पट्टीने. अंगाची लांबी नको, अल्कोहोलमध्ये पोट कधी ताणते कधी आखडते. डोके कडक असते आणि दोन कातींच्या मध्ये वाढत नाही. दर महिन्याला निदान पन्नास निम्फ मोजा. सापडले कमी तर तसे लिहा, दुसऱ्या नाल्यातून भर घालू नका. मग महिनावार स्तंभालेख काढून एकाखाली एक ठेवा. एकच उंचवटा महिन्यागणिक उजवीकडे सरकत गेला तर एका वर्षात एक पिढी. दोन उंचवटे कायम सोबत चालले तर मुक्काम वर्षापेक्षा लांब असावा. इथेच बहुतेक जण घसरतात, कारण एका नाल्यात निओपर्लाच्या दोन जाती असल्या तरी दोन उंचवटेच दिसतात. लहान निम्फांत त्या वेगळ्या काढता येत नाहीत.

त्याला उपाय एकच, प्रौढ मिळवणे. काळ्या कळ्यांचे निम्फ वर सांगितलेल्या पद्धतीने थंड ठेवून प्रौढ होऊ द्या, प्रत्येकाची कात त्याच्याच बाटलीत ठेवा. नर आणि कात जुळले की निम्फाला जात मिळते. महिन्यातून एकदा अंधार पडल्यावर दोन तास पांढरे कापड आणि दिवा लावा. कापडावर आलेल्या मादीच्या पोटाला अंड्यांचा गोळा असेल तर तीही घ्या, अंड्यांचे कवच जात ठरवायला लागते.

भर पावसात नाल्यात उतरायचे नाही. पुराच्या आठवड्यात तसाही नमुना कुचकामी, निम्फ रेतीखाली खोल जातात किंवा वाहून जातात आणि आलेखात खड्डा पडतो. तो आठवडा काठावर घालवा. पाण्यापासून दोन मीटरपर्यंतचे खडक, झाडांची मुळे, पुलाचा खांब पहाटे तपासून काती वेचा आणि मोजून आठवड्याच्या नावाने डबीत टाका. पावसाने त्या धुऊन जातात, म्हणून उजाडायच्या आत गेलेले बरे.

प्रश्न : चावतो का? — एक वाचक, इतवारी

नाही. बहुतेक पर्लिडी प्रौढपणी खातच नाहीत, फार तर पाणी पितात. निम्फ हातावर चालला तर नख्या टोचतील इतकेच.